घाटातली डावी बाजू

मावशी पहिल्यापासूनच भित्री. लिफ्टला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची, शेगडी पेटवताना तोंड दुसरीकडे फिरवून काडी ओढायची. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिने सव्वीस वर्षं नोकरी केली. तिथे डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला मावशी म्हणायचे, आणि तेच नाव तिला कायमचं चिकटलं. लाँड्रीत चादरींना इस्त्री करायचं एक मोठं मशीन होतं. दोघींनी दोन टोकं धरायची, ओली चादर तापलेल्या रुळाखाली सरकवायची आणि बोटं वेळेत मागे घ्यायची. मशीनच्या कडेला एक लाल दांडा होता. तो ओढला की रूळ जागच्या जागी थांबायचा. मावशीला पहिल्याच आठवड्यात त्या दांड्याजवळची जागा मिळाली. मुकादमबाई म्हणाल्या होत्या, "शूर बाया मला इथे नकोत. ही आधी ओरडते आणि मग बघते. हीच बरी."

सव्वीस वर्षांत तिने तो दांडा चाळीसेक वेळा ओढला असेल. त्यातल्या अडतीस वेळा तरी उगीचच. लाँड्रीभर हशा पिकायचा. उरलेल्या दोन वेळी कुणी हसलं नाही.

नवरा मात्र अगदी उलट स्वभावाचा. शहर बसचा ड्रायव्हर, डेपोत सगळे त्यांना उस्ताद म्हणत. बत्तीस वर्षं गाडी चालवली आणि अपघाताच्या रकान्यात शून्य. हे शून्य ते पाहुण्यांना सांगत, जावयाला सांगत, दाढी करता करता आरशालाही सांगत असावेत असं मावशीला वाटे. गाडीत शेजारी बसून कुणी "सांभाळून हं" म्हटलेलं त्यांना खपत नसे. मावशीने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी एकदा तसं म्हटलं, तर त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि शांतपणे विचारलं, "तू चालवतेस का?" त्यानंतर चाळीस वर्षं तिने तोंड उघडलं नाही. भीती वाटली की ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि मनातल्या मनात आकडे म्हणायची.

निवृत्त झाल्यावर उस्तादांनी लिलावात एक जुनी गाडी घेतली. शहराच्या फिरत्या वाचनालयाची होती ती. मागच्या अंगणात एक अख्खा हिवाळा खपून त्यांनी तिच्यातले पुस्तकांचे कप्पे काढले आणि घर उभं केलं. एक पलंग, दोन बर्नरची शेगडी, घडीचं टेबल, पाण्याची टाकी, एवढंसं मोरीवजा काहीतरी. मावशीने पडदे शिवले. सगळं झालं तरी जुन्या कागदाचा वास काही गेला नाही, आणि पलंगाच्या वर 'परत केलेली पुस्तके येथे ठेवावीत' अशी चिठ्ठी चिकटलेली राहिली ती राहिलीच. उस्ताद म्हणाले, "राहू दे. तुलाच ठेवतो तिथे." तिला हसू आलं. बारा दिवसांचा बेत ठरला. तळ्याकाठचं गाव, मग डोंगरावर तारेवरून जाणारी पाळण्याची गाडी असलेलं गाव, मग मोठा घाट चढून खिंडीतून पलीकडे उतरायचं आणि गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी चार दिवस राहायचं.

लेक म्हणाली, "आई, तू जाणार? घाटात?"

"जाते गं. यांच्याबरोबर कसली भीती."

हे ती मनापासून म्हणाली होती. जगातल्या सगळ्या गोष्टींची भीती वाटायची तिला, पण उस्तादांच्या हातात स्टिअरिंग असताना ती भीती निम्मी व्हायची.

पहिले दोन दिवस झकास गेले. तळ्याकाठच्या गावात पायडलच्या होड्या होत्या, रांगेने दुकानं होती आणि प्रत्येक दुकानात त्याच लोकरीच्या टोप्या, तेच फ्रीजवर लावायचे चुंबक, तेच लाकडी अस्वल. मावशीने नातीसाठी एक अस्वल घेतलं. गाड्या उभ्या करायच्या तळावर शेजारीपाजारीही बरे मिळाले. सकाळी दार उघडलं की समोर पाणी आणि पाण्यात उलटे डोंगर.

तिसऱ्या दिवशी गावातून बाहेर पडताना गल्ली जरा अरुंद होती. एका हॉटेलवाल्याने दारात फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या. गाडी त्यांच्यापाशी आली आणि डाव्या अंगाला कर्र करून घासली. दोन कुंड्या आडव्या झाल्या. हॉटेलवाला धावत आला. उस्ताद खिडकीतून म्हणाले, "रस्त्यात कुंड्या ठेवतात का कुणी?" आणि निघालेसुद्धा. मावशीने मागे वळून पाहिलं. कुंड्या रस्त्यात नव्हत्या. पायरीवर होत्या.

त्याच दिवशी दुपारी तिने चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. नेहमी ठेवायची तसाच. त्यांचं कोपर लागलं आणि कप गडगडत खाली गेला. "सांगायचं नाही का ठेवलाय म्हणून?" ते करवादले. मावशीने फडक्याने चहा टिपला. चाळीस वर्षांत कप ठेवला म्हणून तिला कधी सांगावं लागलं नव्हतं.

मग लहानसहान गोष्टी तिच्या लक्षात येत गेल्या. दुपारी चारनंतर ते गाडी काढेनात. "घाई कसली, सुट्टीवर आहोत" म्हणायचे. चौकात थांबले की मान पार खांद्यापर्यंत वळवून बघायचे, घुबडासारखे. आणि एकदा, अगदी सहज बोलल्यासारखं करून, म्हणाले, "तुझ्या बाजूने काही येतंय का बघ गं." मावशी गारच पडली. शेजारच्याने गाडीत तोंड उघडलेलं न खपणारा माणूस हा.

पण ती स्वतःलाच समजावत राहिली. तुझं नेहमीचंच आहे हे, ती स्वतःला म्हणायची. लिफ्टचं तेच, कुत्र्याचं तेच. अडतीस वेळा उगीच दांडा ओढणारी बाई तू. बिचारा माणूस हिवाळाभर खपून तुला फिरायला घेऊन आलाय, आणि तू त्याचे कप मोजत बसलीस. भित्र्या माणसाची हीच तर पंचाईत असते. खरी भीती आली तरी तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यात तो स्वतःही आलाच.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी पाळण्याचं गाव सोडलं. ऊन स्वच्छ होतं. गाव संपता संपता रस्त्याला चढ लागला. पुढे सायकलवाल्यांचा एक घोळका चालला होता, आठदहा जण, रंगीबेरंगी कपड्यांतले, रस्त्याच्या डाव्या कडेने. मावशीला ते लांबूनच दिसले. उस्तादांनी गाडी उजवीकडे घेऊन त्यांना मागे टाकायला सुरुवात केली आणि निम्मे मागे पडले नाहीत तोच गाडी पुन्हा डावीकडे आणली.

"अहो! सायकल!"

मावशी एवढ्या जोराने किंचाळली की उस्तादांच्या हातून स्टिअरिंग उडालंच. गाडी उजवीकडे झुकली. बाहेरून कुणीतरी पत्र्यावर थाडथाड हात मारला. मावशीच्या खिडकीबाहेर, हातभर अंतरावर, एक पांढराफटक चेहरा होता. पोरगेलासा बाप्या, तोंड उघडं, एक पाय जमिनीवर.

"कुठून उपटला हा?" उस्ताद म्हणाले.

तो कुठूनही उपटला नव्हता. अर्धं मिनिट तो तिथेच होता, लाल सदरा घालून.

पुढे थोडा सरळ रस्ता होता. मावशीला एकदम एक गोष्ट सुचली, आणि सुचली म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने मान त्यांच्याकडे वळवली आणि जीभ बाहेर काढली. चांगली हनुवटीपर्यंत. लग्न झालं तेव्हापासूनची त्यांची खोड होती ती. चारचौघांत उस्ताद फुशारक्या मारायला लागले की मावशी कुणाला न दिसेल अशी जीभ काढायची आणि ते बोलता बोलता फिसकन हसायचे. गाडी चालवतानासुद्धा. कधी चुकलं नव्हतं.

उस्ताद समोर बघत राहिले.

तिने जीभ आत घेतली. मग उजवा हात उचलला आणि त्यांच्या डाव्या कानापाशी, वीतभर अंतरावर, पाची बोटं पसरून हलवली. पंखा हलवावा तशी. हात हळूहळू पुढे नेला. गालापाशी. मग त्याहून पुढे. जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ते दचकले.

"काय करतेस?"

"माशी होती," मावशी म्हणाली.

नेहमीच्या भीतीने तिचे हात थरथरायचे, काहीतरी बडबड सुरू व्हायची. या वेळी हात थरथरले नाहीत. आतून काहीतरी थिजून गेलं होतं. या माणसाला ती दिसत नव्हती. दीड हातावर बसलेली ती, तिची खिडकी, खिडकीबाहेरचा रस्ता, काहीच नव्हतं तिथे त्यांच्या लेखी.

तिने वर पाहिलं तर रस्त्याकडेला पाटी होती. खिंड अकरा किलोमीटर. वळणं एकोणीस.

"अहो, थांबा ना जरा," ती म्हणाली. "मला मळमळतंय."

"आता? इथे कुठे थांबू? मागे बघ."

तिने तिच्या बाजूच्या आरशात पाहिलं. मागे गाड्यांची रांग लागली होती. रस्ता जेमतेम दोन गाड्यांचा. एका अंगाला डोंगर कापून काढलेली भिंत, दुसऱ्या अंगाला गुडघ्याएवढा दगडी कठडा, तोही मधूनमधून तुटलेला, आणि कठड्यापलीकडे नुसतं आभाळ. प्रत्येक वळणाला कड बदलायची. एकदा दरी उस्तादांच्या बाजूला, एकदा मावशीच्या. उस्तादांच्या बाजूला असली की गाडी रेघेवरून जायची. मावशीच्या बाजूला आली की गाडी हळूहळू तिच्याकडे यायची.

पहिलं वळण, दुसरं, तिसरं. वळणांवर आकडे लिहिलेले होते. मावशीने पदर बोटाला गुंडाळला, पण मोजायला लागली ते आकडे नव्हे, कठड्याचं अंतर. चार हात. तीन हात. दोन. खाली, फार खाली, पाळण्याच्या गावाची छपरं काड्यापेटीएवढी दिसत होती. तिला वाटलं, आपण ओरडलो तर हे पुन्हा दचकतील, आणि मघासारखं स्टिअरिंग हातून सुटलं तर इथे उजवीकडे जायला जागा नाही. गप्प बसलो तर आहेच.

सातव्या वळणानंतर वरून प्रवासी बस आली. मोठी, उंच, रस्ताभर पसरलेली. उस्तादांनी तिला जागा द्यायला गाडी डावीकडे घेतली. हवी त्याहून जास्तच घेतली. मावशीच्या बाजूचं चाक डांबर सोडून खडीवर गेलं. खडखड आवाज झाला आणि तिच्या खिडकीखालून दगड सुटून गडगडत खाली गेले. तिने ते जाताना पाहिले. पोचल्याचा आवाज काही आला नाही.

"उजवीकडे घ्या," ती म्हणाली.

ओरडली नाही. आवाज आपोआपच हळू निघाला, दवाखान्यात बोलतात तसा. "थोडं उजवीकडे. अजून थोडं. बस. आता सरळ."

चाक डांबरावर आलं. बस निघून गेली. उस्तादांच्या कपाळावरून घामाचा एक ओघळ कानापर्यंत आला होता. आता हे गाडी थांबवणार, आता विचारणार 'तू चालवतेस का', मावशी वाट बघत राहिली. गाडी थांबली नाही. पुढचं वळण आलं. गाडी पुन्हा तिच्याकडे सरकायला लागली.

मग उस्ताद समोरच बघत, ओठ न हलवल्यासारखे, म्हणाले,

"सांगत राहा."

त्या दोन शब्दांनी मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. इतका वेळ कुठेतरी एक वेडी आशा होती की आपलं चुकतंय, आपण नेहमीसारख्या उगीच घाबरतोय. ती आशा गेली. यांना माहीत होतं. यांना सगळं माहीत होतं.

आणि ती सांगत राहिली. बारा वळणं. "कठडा दोन हात. ठीक. दगड आलाय पुढे, उजवीकडे. आता वळण, तुमच्या बाजूला वळण. मोटारसायकल येतेय मागून, जाऊ द्या. गेली. सरळ." मधेच एक ढग रस्त्यावर उतरला आणि काही क्षण तिलाही काही दिसेना. "हळू. हळू. थांबू नका, हळू." पांढरी रेघ दिसली तेवढी तिने डोळ्यांनी धरून ठेवली. घामाने तिच्या पाठीवरची साडी सीटला चिकटली होती. एकोणिसावं वळण संपलं, रस्ता सपाट झाला, आणि समोर खिंडीतलं मोकळं मैदान आलं.

मैदानात जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. गाड्या, घरगाड्या, बसगाड्या. आईस्क्रीमवाला. नाणं टाकून बघायची दुर्बीण. एकमेकांचे फोटो काढणारी माणसं. उस्तादांनी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला. मावशीचा हात दारावरच्या मुठीला घट्ट धरून बसला होता. तिला तो सोडवेना. दुसऱ्या हाताने एकेक बोट उचलून तिने तो मोकळा केला.

"किती दिवस?" तिने विचारलं.

उस्ताद काचेतून समोर बघत राहिले.

"मी विचारतेय, किती दिवस झाले?"

"दीड वर्ष," ते म्हणाले. "काचबिंदू आहे. डावा गेल्यातच जमा. उजव्याने नळीतून बघितल्यासारखं दिसतं. समोरचं स्वच्छ दिसतं. कडेचं नाही."

"डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं?"

"डॉक्टर काय, सगळंच सांगतात."

"आणि लायसन? मागच्या वर्षी नवं केलंत ना?"

"अक्षरांचा तक्ता समोर असतो," उस्ताद म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी ऐट होती, आणि ती ऐकून मावशीला पहिल्यांदा राग आला.

मग उस्ताद तिच्याकडे पूर्ण वळले. आता त्यांना ती दिसत होती. "हे बघ," ते म्हणाले, "जमलं की नाही? तू सांगितलंस, मी चालवली. उतार चौदा किलोमीटर आहे फक्त. सावकाश जाऊ. खाली गेलो की गाडी तळावर लावतो आणि किल्ली तुझ्या हातात देतो. पोरीला काही सांगू नकोस. एवढं एक कर. खाली मी माझ्या हातांनी जातो, माझी गाडी घेऊन."

चाळीस वर्षांत त्यांनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. सांगितलं होतं, मागितलं नव्हतं. आणि जमलं होतं हेही खरं. बारा वळणं जमली होती. मावशीने मान हलवली. होकारार्थी. आपण मान हलवली हे तिला हलवून झाल्यावर कळलं.

उस्तादांनी किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं तसं मावशीने दार उघडलं आणि ती उतरली. का उतरली ते तिला नीट सांगता आलं नसतं. गाडीच्या मागच्या कप्प्यातून तिने घडीची खुर्ची काढली. ती घेऊन पुढे आली. गाडीच्या नाकासमोर, बंपरपासून हातभर अंतरावर, तिने खुर्ची उघडली आणि गाडीकडे तोंड करून बसली. डोंगराकडे पाठ.

उस्तादांनी खिडकीतून डोकं काढलं. "अगं, हा काय तमाशा?"

"समोरचं दिसतं ना?" मावशी म्हणाली. "मग मी समोरच बसते."

तिचा आवाज चिरकला होता. बंपर थरथरत होता, त्याची धग तिच्या गुडघ्यांना लागत होती. काचेमागे उस्तादांचा चेहरा होता. हा माणूस गाडी पुढे घेणार नाही हे तिला ठाऊक होतं. पण तो कुंड्यांना घासणार नाही हेही तिला ठाऊकच होतं की. पाय घसरला तर? क्लच सुटला तर? ती खुर्चीच्या दोन्ही दांड्या धरून बसली. चपला खडीवर वाजत होत्या. शेजारून जाणाऱ्या एका बाईने तिचा फोटो काढला. तिला वाटलं असेल, आजी काय मजेत बसल्यात.

"उठ म्हणतो ना!"

"नाही उठत."

"लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना दिसतं."

हे जरा फारच लागलं. बोलल्यावर तिलाच कसंसं झालं. उस्तादांनी डोकं आत घेतलं. इंजिन चालूच राहिलं.

तेवढ्यात नारिंगी जाकीट घातलेली एक बाई आली. रस्ते विभागाची होती. खिंडीत त्यांची एक खोली होती, बाहेर दगड उचलायची पिवळी गाडी उभी. चाळिशीची, उन्हाने रापलेली, कमरेला वॉकीटॉकी. "मावशी," ती म्हणाली. तिलाही हेच नाव सुचलं. "इथे खुर्ची टाकून बसायचं नाही. गाड्यांची जागा आहे ही. काही झालं तर?"

मावशीच्या तोंडून सगळं एका दमात बाहेर आलं.

"माझ्या नवऱ्याला दिसत नाही. गाडी खाली न्यायची आहे. कुणी आहे का न्यायला?"

बाईने गाडीकडे पाहिलं, मग मावशीकडे. "आलात कसे वर?"

"मी सांगत होते," मावशी म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

इंजिन बंद झालं.

रस्तेवाल्या बाईने फार चौकशी केली नाही. वॉकीटॉकीवर कुणाशी तरी बोलली, जोडीदाराला जीप घेऊन मागून यायला सांगितलं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून म्हणाली, "काका, सरका." उस्ताद उतरले, गाडीला हात लावत लावत पुढून वळसा घालून डाव्या सीटवर येऊन बसले. चाळीस वर्षं मावशीची असलेली ती सीट. मावशी मागे, पलंगावर, पुस्तकांच्या चिठ्ठीखाली.

खाली उतरतानाही तिची भीती काही कमी झाली नाही. बाई चांगली चालवत होती, घाट तिच्या पायाखालचा होता, पण मावशीचे डोळे काही केल्या मिटेनात. पांढरी रेघ, कठडा, रेघ, कठडा. ओठ आपले हलत होते. उस्ताद प्रत्येक वळणाला उजवा पाय फरशीवर दाबत होते. पाचव्या की सहाव्या वळणाला बाई म्हणाली, "काका, ब्रेक मी दाबतेय. तुम्ही गाडीला भोक पाडाल." उस्तादांनी पाय मागे घेतला. पुढच्या वळणाला पुन्हा दाबला.

खालच्या गावात गरम झरे होते, पांढरे टॉवेल गुंडाळून हिंडणारी माणसं होती, संध्याकाळी बागेत बँड वाजायचा. त्या गावात त्यांनी दोन दिवस गाडीत बसून काढले. मावशीने लेकीला फोन केला. उस्ताद समोर बसलेले असताना केला आणि काही लपवलं नाही. लेक आणि जावई आगगाडीने आले. जावयाने गाडी सपाटीच्या लांबच्या रस्त्याने घरी आणली. उस्ताद मागे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होते. अकरा दिवस ते मावशीशी बोलले नाहीत. बाराव्या दिवशी म्हणाले, "चहात साखर कमी आहे," आणि त्याच आठवड्यात, कुणी न सांगता, परवान्याच्या कचेरीत जाऊन स्वतःच्या हाताने खिडकीवर लायसन देऊन आले. गाडी उन्हाळ्याअखेरीस एका जोडप्याला विकली. न्यायला आले तेव्हा उस्ताद घरात नव्हते.

लोकांना वाटलं, मावशीने केवढं धाडस केलं, आता तिची भीड चेपली असेल. लेकही तसंच म्हणाली. पण मावशीला आता रात्री नव्हे तर दिवसाढवळ्या, भाजी चिरताना, दरदरून घाम फुटायचा. खिंडीतली आठवण कमीच यायची. आठवायचं ते मागचं दीड वर्ष. शनिवारी उस्ताद नातीला शाळेतून आणायचे. छोटी मोटार, नात मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, कारण तिला फुटपाथवरची माणसं बघायला आवडायची. पंचाहत्तर शनिवार होतात ते. मावशी दारात उभी राहून वाट बघायची आणि मनात म्हणायची, यांच्याबरोबर कसली भीती.

आणि आणखी एक गोष्ट होती. ती तिने फक्त लेकीला सांगितली, तीही भांडी घासताना, पाठमोरी राहून. "मी हो म्हटलं होतं गं. वर. त्यांनी विचारलं आणि मी मान हलवली होती."

"पण उतरलीस ना आई."

"उतरले. पण मान हलवली होती."

आता महिन्यातून एकदा दोघं बसने डोळ्यांच्या दवाखान्यात जातात. उस्ताद ड्रायव्हरच्या चुका मोठ्याने काढतात. मावशी गप्प बसते. नजरेचा घेर मोजायचं तिथे एक मशीन आहे. अंधाऱ्या खोलीत वाटीसारख्या पडद्यासमोर बसायचं, हातात एक बटण. पडद्यावर कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मावशी दाराबाहेरच्या बाकावर बसते. आतलं काही दिसत नाही, पण बटणाचा आवाज येतो. टक. थोड्या वेळाने टक. टक. मग काहीच नाही. आत ठिपके चमकत असणार, एकामागून एक, इथे, तिथे, कडेला. मावशी श्वास रोखून बसते. शेजारच्या बाईने काही विचारलं तर तिला ऐकू येत नाही.

या वेळी मागच्यापेक्षा जास्त वेळ शांत होतं. मग एक टक आला. मग पुन्हा बराच वेळ काही नाही. परिचारिकेने दार उघडलं, उस्ताद बाहेर आले, उजेडाने डोळे किलकिले करत उभे राहिले आणि बाकाकडे न येता दुसऱ्याच दिशेला, जिन्याकडे वळले.

मावशी धडपडत उठली.

"अहो," ती म्हणाली, "इकडे. मी इकडे आहे."